रिकाम्या डब्याचा नंबर

ती खिडकीशी पोचली तेव्हा पाच वाजायला दोन मिनिटं कमी होती, आणि तिच्या हातातल्या यादीच्या चौथ्या पानावरची शाई ओघळून पाचव्या पानावर उतरली होती. बाहेर धुकं होतं, वर भुरभुर पाऊस. बंदराच्या क्रेन कंबरेपर्यंतच दिसत होत्या.

"ही यादी आहे की धुणं?" काचेपलीकडच्या माणसाने विचारलं.

"आधी शिक्का मारा, मग हवं ते म्हणा. पाचला खिडकी बंद होते तुमची."

"ओल्या कागदावर शिक्का फाकतो हो..."

त्याने एकेक पान सोडवलं आणि हीटरवर वाळत घातलं. घाई म्हणून नाही. बावीस पानं वाळेपर्यंत साडेपाच झाले. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. मग त्याने शिक्का मारला, आणि शेजारी वेळ लिहिली – चार अठ्ठावन्न.

"पण आता तर साडेपाच..."

"तुम्ही चार अठ्ठावन्नलाच आलात. उशीर कागदाला झाला, तुम्हाला नाही."

एवढंच. पण त्या दिवशी ती घरी पोचेपर्यंत हसत होती, आणि ते तिला स्वतःला फार उशिरा कळलं.

ती एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर कोणते कंटेनर आहेत याची यादी करायची आणि पाचच्या आत बंदराच्या खिडकीवर पोचवायची, हे तिचं काम. यादी घेणाऱ्याला सगळे शिक्केवाला म्हणत. त्याने तिचं नाव घाईबाई ठेवलं. नावं ठेवण्यात दोघंही कमी नव्हते.

मग नवी सिस्टिम आली. याद्या आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून थेट बंदराच्या कॉम्प्युटरला जाणार, तिथून कस्टमला, क्रेनवाल्यांना, पुढच्या बंदराला. कुणी पावसात धावायचं कारण उरणार नव्हतं. मात्र सिस्टिमवर विश्वास बसेपर्यंत कागदही आणायचा आणि दोन्ही ताडून बघायचे, असं ठरलं. काचेवर नोटीस लागली: सलग वीस दिवस फरक न आल्यास खिडकी बंद होईल. फरक आल्यास दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून मेळ घालावा.

त्यामुळे रोज दुपारी तीन वाजता ती काचेच्या आतल्या बाजूला खुर्ची ओढून बसू लागली. कागदावरचा नंबर ती वाचायची, पडद्यावर तो बघायचा. चार अक्षरं, सात आकडे. पुन्हा चार अक्षरं, सात आकडे. असल्या रुक्ष कामात कुणाचं सूत कसं जुळावं? पण जुळायचं असलं की माणसाला चांदणं लागत नाही, दोन खुर्च्या पुरतात.

"सातचा आकडा आला की अडखळता का तुम्ही?" एकदा त्याने विचारलं.

"सात आला की तुम्ही वर बघता म्हणून."

"मी वर बघतो कारण तुम्ही अडखळता."

"मग आधी कोण सुधारणार?"

"मला तरी घाई नाही," तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

सुरुवातीला फरक येत. चौथ्या दिवशी आला, मग अकराव्या. मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. तिच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि ही मात्र दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला खुर्चीत हजर. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण हळूहळू चुका आटल्या. दहा दिवस झाले, पंधरा झाले. सोळाव्या दिवशी तो म्हणाला, "खिडकी बंद झाली की मला दुसऱ्या बंदरावर पाठवताहेत. तिथे हीच सिस्टिम बसवायचीय. जहाजाने दोन दिवस लागतात."

"नाही म्हणता येणार नाही?"

"इथे मग शिक्का कशावर मारू?"

 पुढचे नंबर तिने फार हळू वाचले.

घरी बाबा खिडकीशी खाटेवर असायचे. चाळीस वर्षं त्यांनी धक्क्यावर हातात खडू घेऊन डबे मोजले. बंदरावर कंटेनरला डबाच म्हणतात. आता छातीत दम नव्हता. दिवसातून चारदा औषध, दोनदा वाफ, आणि पाठ धरून बसवायला एकच माणूस – ही. दोन दिवसांच्या अंतरावरचं बंदर तिच्यासाठी चंद्रावर असल्यासारखंच होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. लहानपणी बाबांनीच तिला शिकवलं होतं: "डब्याचा शेवटचा आकडा म्हणजे राखणदार. आधीच्या सगळ्या अक्षर-आकड्यांचा हिशेब करून तो निघतो. मध्ये एक जरी आकडा चुकला, तरी राखणदार ओरडतो."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिने ऑफिसात पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला.

त्या दुपारी तिने एकशे बारावा नंबर वाचला आणि तो थांबला. पडद्यावर काही वेगळंच होतं. त्याने कागद मागून घेतला. पडद्याकडे पाहिलं, कागदाकडे, पुन्हा पडद्याकडे. मग पेन्सिल घेऊन काहीतरी मांडत बसला. बाहेर भोंगा वाजत होता आणि धुक्यात जहाज काही दिसत नव्हतं.

"फरक आहे?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

"आहे. मधला एक आकडा चुकलाय. पण असं असलं की शेवटचा आकडा जुळत नाही, आणि सिस्टिम यादी परत पाठवते. ही परत पाठवली नाही." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "कारण शेवटचा आकडाही बदललाय. चुकीच्या नंबरासाठी अगदी बरोबर आकडा. घाईत अशी चूक होत नाही, घाईबाई... ही बसून करावी लागते."

तिची मान खाली गेली.

"आणि डबा रिकामा निवडलात."

"कुणाचा माल अडकायला नको..." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "नोंदवा ना फरक. वीस दिवस मिळतील. जास्त कुठे मागतेय मी?"

"आणि मग? विसाव्या दिवशी पुन्हा पेन्सिल?" त्याने डोळे मिटले. "माझ्याच्याने नाही होणार. अकरा वर्षांत या खिडकीत मी खोटा शिक्का मारलेला नाही."

"मारलात की! पहिल्याच दिवशी. चार अठ्ठावन्नचा."

"तो खरा होता. तुम्ही आला होतात."

  मग तो हळूच म्हणाला, "दुरुस्ती पाचच्या आत पाठवता येते. पाठवली तर फरक धरत नाहीत. तूच पाठव."

पहिल्यांदाच त्याने तिला 'तू' म्हटलं होतं, आणि तेही हे सांगायला.

"तुम्हाला राहावंसं नाही वाटत?"

"वाटतं. इतकं वाटतं की... उद्या उजाडूच नये." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "चल म्हणालो असतो. पण तुझे बाबा..."

"माहीत आहे ना. मग म्हणू नका."

तिने दुरुस्ती पाठवली. तिच्याच बोटांनी खिडकी बंद केली म्हणायची. विसाव्या दिवशी सगळं जुळलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काचेवर प्लायवूड ठोकलं गेलं. तो ज्या जहाजाने गेला त्याची यादी तिनेच केली होती. धक्क्यावर ती गेली नाही. धुक्यात काय दिसणार होतं?

मग एकसारखे दिवस सुरू झाले. याद्या सुरळीत यायच्या-जायच्या. कुणाला उशीर व्हायचा नाही, कुणाचा कागद भिजायचा नाही. ती पाच वाजता उठून सरळ घरी यायची.

"हल्ली वेळेवर येतेस," बाबा एकदा म्हणाले.

"मग? चांगलंच आहे की."

"नाही गं," ते म्हणाले. "वाईट वाटतं बघून."

दीड महिन्यानंतर त्याच्या बंदराची पहिली यादी सिस्टिमवर आली. दोनशे चौदा डबे. दोन दिवसांनी जहाज लागलं, आणि दुपारी क्रेनवाल्यांचा निरोप आला – दोनशे तेराच उतरले, एक रिकामा डबा सापडत नाही. साहेब वैतागले. तिने यादी उघडली आणि सवयीने ओठांत नंबर वाचू लागली. एका नंबरापाशी आवाज अडकला.

तिने खात्री करायला पेन्सिल घेतली, पण हिशेबाची गरज नव्हती. तो नंबर तिला पाठ होता. जगात तसला डबाच नव्हता. एका सकाळी तिने तो मनाने तयार केला होता, शेवटच्या आकड्यासकट.

अकरा वर्षं ज्याने एक खोटा शिक्का मारला नाही, त्या माणसाने हा नंबर स्वतःच्या हाताने यादीत घातला होता. याबद्दल त्याच्या आजवरच्या स्वच्छ नोकरीवर पहिला शेरा पडणार, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच?  राग आला, हसू आलं, आणि मग नुसतेच डोळे भरून आले.

तिने उत्तर लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं: "एक रिकामा डबा कमी. कृपया दुरुस्ती पाठवू नये. नियमाप्रमाणे मेळ घालायला समोर यावे."

पाच वाजले. ती उठली नाही. पलीकडून उत्तर आलं तेव्हा ऑफिसात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"येतो. आता तिकडेच बदली मागितलीय, कोणत्याही कामावर, शिक्का नसला तरी. मिळायला वेळ लागेल. तोवर उशीर कागदाला झाला असं समजशील ना, घाईबाई?"

"समजेन," ती रिकाम्या ऑफिसात मोठ्याने म्हणाली, आणि डोळे पुसून तेच टाइप करू लागली.