सुतकाच्या तंबूचा नमदा

त्या दिवशी बर्फ पडायचं थांबलं होतं. ऊन होतं, पण नुसतं बघायला. अंगाला त्याचा काही उपयोग नव्हता. वारा मुळीच नव्हता. धुराड्यांतून निघालेला धूर सरळ वर जाई आणि पुढची वाट विसरल्यासारखा तिथेच उभा राही.

कालमुर्झाने अंगणात ट्रकची दोन्ही दारं सताड उघडली होती आणि सकाळपासून तो केबिनच्या आतल्या पत्र्याला डांबरी पट्टे चिकटवत होता. ट्रक जुना, लष्कराने मोडीत काढलेला. त्याचं इंजिन पुढे नाकात नव्हतं. ते केबिनमध्येच, दोन माणसांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली बसलेलं. चालू झालं की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हललेले दिसत. आणि खालून थंडी अशी यायची, की गुडघ्याखालचे पाय आपले की दुसऱ्या कुणाचे, कळायचं नाही.

चाळीस वर्षं त्याने हे सोसलं, तक्रार केली नाही. पण यंदा त्याच्या बायकोची, बुरुलची, छाती बिघडली. दर दहा दिवसांनी तिला खिंड ओलांडून नारिनच्या दवाखान्यात सुई टोचायला न्यावं लागे, आणि बर्फात खिंड चढणारी गाडी साऱ्या गावात हीच एक. मागच्या खेपेला तर तो तिला घोडीच्या पोटातल्या शिंगराबद्दल सांगत अर्धा तास गाडी चालवत होता. उतारावर मान वळवून बघितलं, तर बुरुलचं डोकं छातीवर लोंबत होतं. ती कधी बेशुद्ध पडली, त्याला कळलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईने तेव्हा त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आजोबा, आणखी एकदा हिच्या छातीत थंडी बसली तर माझ्या हातात काही नाही. आणि वाटेत हिच्या श्वासाकडे कान ठेवा. श्वास बदलला की थांबा, शेका, गरम पाजा."

"बाई," तो म्हणाला होता, "त्या गाडीत मला माझासुद्धा श्वास ऐकू येत नाही."

म्हणून हा उद्योग. दाराच्या फटींत त्याने रबरी नळी ठोकली. गियरच्या दांड्याखालचं भोक जुन्या बुटाची नळी कापून झाकलं. पुढच्या काचेवर आतून दुसरी, प्लॅस्टिकची काच बसवली. आता हवा होता नमदा, लोकर कुटून केलेला, चांगला बोटभर जाड. तेवढा घरात कुठून असणार?

भिंतीवरून शेजारचा जापार डोकावला. "काय कालमुर्झा आके, म्हातारीला नटवतोस काय?"

"कुठल्या?"

"चाकवाल्या."

"बसणारीसाठी चाललंय हे. नमदा आहे का रे तुझ्याकडे?"

जापारने मागे आपल्या कोठाराकडे बघितलं. गावाचा सुतकाचा तंबू त्याच्या कोठारात असे. कुणी गेलं की त्या घराच्या अंगणात तो उभारायचा. प्रेत आत. बायका आत भिंतीकडे तोंड करून, येणाऱ्यांकडे पाठ करून बसायच्या आणि सुरावर रडायच्या. पुरुष बाहेर, काठीवर वाकून, मोठ्याने. त्या गावात असं होतं, की एकदा उभा केलेला तंबू रिकामा उतरवायचा नाही.

"तंबूला शरदात नवे नमदे घातले," जापार म्हणाला. "जुने पडून आहेत. ने. फक्त घरात अंथरू नकोस."

"गाडी म्हणजे काय घर आहे?" कालमुर्झा म्हणाला.

आणि नमदे घेऊन आला. त्यांना आर्चाच्या लाकडाच्या धुरीचा वास होता, वर्षानुवर्षांचा, आणि त्या वासाखाली आणखी एक, ओलसर. त्याने ते उन्हात झोडपले, कापले, दाभणाने शिवले. खाली, दारांना, छताला लावले. इंजिनाच्या झाकणावर आधी पत्रा आणि त्यावर तीन थर. संध्याकाळी आत बसून दार ओढलं, तेव्हा अंगणात भुंकणारं कुत्रं एकदम कुणीतरी उचलून दूर नेल्यासारखं झालं.

पहिल्या खेपेला बुरुल लहान पोरीसारखी हरखली. पायातले बूट काढून तिने पाय वर घेतले.

"घरापेक्षा ऊब आहे इथे, म्हाताऱ्या. आता इथेच राहू या."

"ओरडतेस कशाला? ऐकू येतंय."

"चाळीस वर्षांची सवय आहे."

दोघं हसले. तिचा श्वास त्याला स्पष्ट ऐकू येत होता, किंचित घरघरणारा, पण सरळ. त्याला वाटलं, आता भीती नाही. चढ लागला, तशी ती झोपली.

खिंडीजवळ त्याला बाईचं रडणं ऐकू आलं.

आधी वाटलं, चाकाचं बेअरिंग असेल. मग वाटलं, फटीतून वारा. पण वारा नव्हता. ते रडणं सुरावर होतं, दबलेलं, भिंतीकडे तोंड केल्यासारखं. शब्दही होते... 'ज्याच्या घोड्याचा वास गावची कुत्रीही ओळखायची, त्याची वाट आता बर्फ विसरेल...' विधवा रडते तसं, नवऱ्याचं नाव न घेता.

आवाज बुरुलचा होता. आताचा नाही, तरुणपणचा.

त्याने बघितलं. ती झोपलेली, ओठ मिटलेले. त्याने इंजिन बंद केलं. रडणं थांबलं. तिचा श्वास तेवढा राहिला. चालू केलं, पुन्हा सुरू. खाली उतरून त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका चाकाला लावून ऐकलं. लोखंड लोखंडासारखंच बोलत होतं. बुरुलला तो काही बोलला नाही. सांगणार तरी काय? तू माझ्यासाठी रडतेयस, म्हणून?

दहा दिवस तो घोटाळ्यात होता. म्हणजे मी जाणार, त्याने मनाशी धरलं. ठीक आहे, माझं वयही झालं. पण मग हिला खिंडीपार कोण नेणार?

दुसऱ्या खेपेला जाताना बुरुल पुन्हा पुन्हा काचेतून बाहेर बघत होती. नारिनला सुई झाली. परतताना तिने थर्मासमधला खारा दुधाचा चहा ओतला, त्याच्या हातात तळलेल्या कणकेचा बोरसोक दिला आणि त्याचे डोळे निरखले.

"तू रडतोयस का?"

"मी? खातोय की मी."

"मग... कोण रडतंय?" तिचा आवाज खाली गेला. "मागच्या खेपेपासून ऐकतेय. झोपेचं सोंग घेतलं होतं मी. बाहेरून येतो आवाज. काठीवर वाकून रडल्यासारखा... 'अगं माझ्या चुलीच्या मालकिणी'... तुझाच आहे तो, म्हाताऱ्या. तुझा खोकलासुद्धा आहे त्यात."

त्याच्या हातातला बोरसोक तसाच राहिला.

"तुला बाईचं रडणं नाही ऐकू येत?"

"नाही. तुला पुरुषाचं?"

"नाही."

गाडी आपली चालत होती. तो हिशोब जुळवू लागला. ती रडतेय म्हणजे तो मेलेला. तो रडतोय म्हणजे ती मेलेली. दोघं रडतात, तर मेलं कोण?

"दोघंही गेलो तर," बुरुल हळूच म्हणाली, "रडायला कुणी उरायला नको."

"तेच म्हणतोय."

"आणि दोघंही असलो तर रडायचं कारण नाही."

"तेच तर."

त्याने गाडी थांबवली, सुरी काढली आणि छताच्या नमद्याची शिवण धरली. बुरुलने त्याचं मनगट पकडलं. तिचा हात गरम होता. फार दिवसांनी गरम.

"हे काढलंस तर थंडी मला खिंडीतच मारेल. रडण्याने कुणी मेलं नाही आजवर. राहू दे."

त्याने सुरी मिटली. दुसरं करण्यासारखं काय होतं? घाट उतरताना तिने मोठ्याने गाणं म्हटलं, लग्नातलं, त्या आवाजावर आवाज चढवून. त्यानेही म्हटलं. मधे मधे तो थांबायचा आणि तिचा श्वास ऐकायचा. होता. मग आपला ऐकायचा. तोही होता. तरी त्याला खात्री वाटेना. आपण नेमका कुणाचा श्वास ऐकतोय, हे पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटे.

दुपार कलायच्या आत ते गावात शिरले. रस्त्यावर पोरं नव्हती. कुत्रंही भुंकलं नाही. त्यांच्या दारापुढे माणसं उभी होती, काठ्या घेऊन. अंगणात मधोमध, नव्या पांढऱ्या नमद्यांचा, तंबू उभा होता. त्याचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

कालमुर्झाने इंजिन बंद केलं. केबिनमध्ये फक्त श्वास राहिला. बुरुलने त्याची बाही घट्ट धरली होती.

जापार ट्रकपाशी आला. त्याने आधी कालमुर्झाकडे बघितलं, मग बुरुलकडे, आणि पुन्हा कालमुर्झाकडे. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. कालमुर्झाने काच खाली केली, तशी थंडी आत आली.

"सकाळपासून खिंडीतून रडणं ऐकू येत होतं, आके," जापार हळू आवाजात म्हणाला. "बाईचं आणि पुरुषाचं, दोन्ही. सगळ्या गावाने ऐकलं. म्हणून तंबू उभा केला आम्ही... आता तूच सांग. आत कुणाला घ्यायचं?"