शलाकाचे गुण का कापले?

दोन मुली होत्या. चाचणी सामन्यांत दोघींनी प्रत्येकी नऊ गोल केले. दोघींची धाव सारखी, दोघींचा दमही सारखा. तरी पारखीने एकीला अठ्ठ्याऐंशी गुण दिले आणि दुसरीला एकोणचाळीस. असं कसं झालं असेल?

अकरा वर्षांच्या इरा चौगुलेने हा प्रश्न विचारला, तेव्हा डॉक्टर सरनोबत अगदी गळून गेले होते. वय शहात्तर. तीन दिवस ते कोल्हापूरच्या सूर्यवंत तालमीत बसून होते आणि बाहत्तर मुलींचे खेळ त्यांनी डोळे ताणून पाहिले होते. २०६४ साल उजाडलं तरी या गावात फुटबॉलवरून पेठापेठांत तीच चुरस होती. तालमीला महिला संघासाठी तीन नव्या खेळाडू घ्यायच्या होत्या. दोघी ठरल्या होत्या, अठ्ठ्याऐंशी गुणांची मुलगीही त्यांतच होती, आणि तिसरं नाव पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

पारखी हा कपाटाएवढा यंत्रमानव डॉक्टरांनीच बारा वर्षांपूर्वी बनवला होता. मेंदूचा अभ्यास करता करता हा उद्योग त्यांनी हौसेने अंगावर घेतला आणि आता तो दरवर्षी त्यांचा जीव खात होता.

कमी गुण मिळालेली मुलगी म्हणजे इराची बहीण, अठरा वर्षांची शलाका. गुण का कापले, ते डॉक्टरांना ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात शलाकाला नैराश्य (मन इतकं खचणं, की आवडत्या गोष्टीतही जीव रमत नाही) आलं होतं. दोन महिने तिने चेंडूला पाय लावला नव्हता. अर्जात 'मनाचं काही दुखणं?' असा रकाना होता आणि त्यात तिने सगळं खरं लिहिलं होतं. नियम म्हणजे नियम, पारखी कुणाचा मिंधा नाही, असं काहीबाही सांगून डॉक्टर मोकळे होणार होते.

इरा मात्र जागची हलली नाही.

"तिला लिहायचं नव्हतं," ती म्हणाली. "मीच लिहायला लावलं. आमच्या शाळेत येऊन तुम्हीच सांगितलेलं ना, मनाचं दुखणं लपवायचं नसतं?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. असं भाषण त्यांनी आजवर चाळीसेक शाळांत दिलं असेल. त्यांनी इराला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि पारखीला त्याचं गणित मांडायला सांगितलं.

पारखीने मांडलं. बारा वर्षांत गावातल्या सगळ्या तालमींच्या संघांत मिळून सहाशे खेळाडू आल्या. त्यांतल्या वीस जणींनी मनाचं दुखणं लिहिलं होतं आणि त्या विसातल्या अकरा जणी हंगाम अर्ध्यावर सोडून गेल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. उरलेल्या पाचशे ऐंशी जणींमधून एकशे चाळीस गेल्या, म्हणजे चारातली साधारण एक. म्हणून त्या रकान्यात काही लिहिलेलं दिसलं, की तो गुण कापतो.

इराने बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिने विचारलं, की त्या एकशे चाळीस जणी का गेल्या?

"संघ सोडतानाच्या शहाण्णव अर्जांवर 'घरगुती कारण' असं लिहिलं आहे," पारखी म्हणाला. "न लिहिलेलं मला दिसत नाही."

इतकं साधं वाक्य बारा वर्षांत आपल्या कानावर कसं पडलं नाही, याची डॉक्टरांना लाज वाटली.

तेवढ्यात हौसाक्का तेलाची बाटली ठेवायला आत आल्या. हौसाक्का या तालमीच्या पहिल्या बाईवस्ताद. सरावानंतर मुलींना मालीश त्याच करत आणि कुणाचा कुठला सांधा दुखतो, ते वहीत टिपून ठेवत. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"डॉक्टर, पैल्या वर्षी बी तुमची ही पेटी आशीच खुळ्यागत बोलली हुती. इसरला काय?"

विसरले नव्हते, पण आठवायला नको वाटत होतं. पहिल्या वर्षी त्यांनी मालीशची वही जशीच्या तशी पारखीच्या पोटात घातली होती. जिच्या नावापुढे जास्त दुखणी, ती कच्ची, असं पारखीने धरलं आणि तालमीच्या सगळ्यात भरवशाच्या सहा मुली बाहेर काढल्या. अख्खी पेठ हसली होती. कारण तालमीत शेंबड्या पोरालाही कळतं, की मालीशला येऊन बसते तीच टिकते. जी दुखणं दाबून धावते तिचा पाय ऐन हंगामात जातो, आणि तिच्या नावापुढे वहीत एक ओळसुद्धा नसते.

"मग मनाचंही तसंच?" इराने विचारलं.

तसंच असावं, डॉक्टर म्हणाले. नोंद नाही म्हणजे दुखणं नाही, असं होत नाही. याला निवडदोष (पाहायला घेतलेली माणसंच एकांगी असल्यामुळे उत्तरात शिरणारी चूक) म्हणतात. पारखीने आजारी आणि निरोगी यांची तुलना केलीच नव्हती. त्याने सांगणाऱ्या आणि न सांगणाऱ्या मुलींची तुलना केली होती.

मग त्यांनी पारखीला नवा प्रश्न घातला. त्या विसातल्या किती जणींचे उपचार हंगामभर चालू होते?

आठ जणींचे. त्यांतल्या सात जणी शेवटच्या सामन्यापर्यंत खेळल्या. उरलेल्या बारा जणींना तालमींनी नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. त्यातल्या दहा गेल्या.

इराचे डोळे चमकले, तसं डॉक्टरांनी तिला आवरलं. आठ हा फार लहान नमुना (सगळ्यांच्या वतीने तपासायला घेतलेले थोडे) आहे, त्यावर शपथ घेता येत नाही. शिवाय शलाकाचं दुखणं खोटं नाही, ते पुन्हा उलटू शकतं. तेव्हा ती चालेल का, हे पेटीला विचारण्यापेक्षा तिला काय लागेल, हे तिलाच विचारलेलं बरं.

शलाकाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. निकाल आधीच ऐकल्यासारखा तिचा चेहरा ओढलेला होता. पंधरा दिवसांतून एकदा मनाच्या डॉक्टरकडे जावं लागतं, तिने सांगितलं, त्या दिवशी सराव असला तरी. आणि काही सकाळी अंथरुणातून उठणंच जड जातं.

"मी बरी झालेय असं मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "बरी होतेय, एवढंच."

"आसल्या सकाळी मला निरोप धाडायचा," हौसाक्का म्हणाल्या. "पळायचं न्हाई. निस्तं यिऊन बसायचं."

डॉक्टरांनी तिसरं नाव कळवलं तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती. शलाका हसली नाही. तिने भिंतीला डोकं टेकून एक लांब श्वास सोडला आणि इराने तिचा हात धरून ठेवला.

मग डॉक्टरांनी पारखीमधला तो गुण कापायचा नियम पुसला आणि एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून दारावर डकवलं: मनाचं दुखणं लिहिलं म्हणून यापुढे गुण कापले जाणार नाहीत. उपचारांसाठी सुट्टी मिळेल.

आता घरी जाऊन आडवं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. चपला पायात सरकवतात तोच दार वाजलं. बाहेर रुक्साना मुल्ला उभी होती. संघाची कर्णधार, तीन हंगामांत एकही सामना न चुकवलेली, पारखीच्या लेखी आजवरची सगळ्यात मजबूत खेळाडू. दारावरचा कागद तिने पुन्हा एकदा वाचला आणि आत येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, माझा तीन वर्षांमागचा अर्ज काढून देता का? त्यात एक रकाना मी रिकामा सोडलाय."

डॉक्टरांनी चपला काढल्या आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.