मोरपंखी साडीचं तळं

"साप! साप! ओ बाई, हौदात साप हाय!"

असं ओरडत तो जो मागं सरकला, तो थेट गोवऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसला. शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन घरातून बाहेर येत होती. आधी ती दचकली, मग तिनं हौदाकडं पाहिलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की तांब्यातलं अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं.

"साप न्हाई ओ, सरपंच हाय त्यो!"

"कोन सरपंच?"

तेवढ्यात हौदातून एक हातभर लांबीचा रोहू मासा वर आला, पाहुण्याकडं बघून त्यानं तोंड उघडलं-मिटलं, आणि तुटक्या शेपटीचा फटकारा मारून तो खाली गेला.

पाहुणा म्हणजे उत्तरेश्वर. केजकडचा, दुष्काळी मुलखातला. पलीकडच्या गल्लीत एका घराचा पाया खणायला स्वतःचा जेसीबी घेऊन आला होता. वैशाखातलं ऊन, डोकं तापलेलं, म्हणून त्यानं दारात उभं राहून पाणी मागितलं. शिवकन्या आत गेली तेवढ्यात तोंडावर पाणी मारावं म्हणून हौदात ओंजळ घातली, तर सरपंचांनी बोट चाखून बघितलं! आता दोष कुणाला द्यायचा, सांगा.

"हौदात मासा कोन पाळतं ओ?" गोवऱ्यांचा भुगा झटकत तो म्हणाला. कान लाल झाले होते गड्याचे.

"पाळला न्हाई. त्योच आलाय आमच्या घरी."

आणि ते खरंच होतं. चकलांब्याच्या पुढं, गोदावरीच्या काठाला हे गाव. मागच्या भादव्यात नदी घरात शिरली आणि जाताना हा मासा चुलीमागच्या खळग्यात ठेवून गेली. आई, म्हणजे भिवराबाई, म्हणाली कालवण करू. शिवकन्या म्हणाली, घरी चालून आलेल्या पाहुण्याचं कालवण करतात व्हय? खायच्या वेळेलाच तेवढं तोंड दाखवतो, म्हणून त्याचं नाव सरपंच पडलं. आणि त्याच्याकडं बघता बघताच पोरीच्या डोक्यात तळ्याचं खूळ शिरलं. परसात तळं खणायचं, त्यात मासे वाढवायचे, आणि दरवर्षी आपलं काही ना काही नेणाऱ्या नदीच्या काठावर आपलं असं काहीतरी टिकवून दाखवायचं.

वडील शहादेव, घरात त्यांना सगळे आबा म्हणायचे. ते पोरीवर जीव टाकणारे, पण नदीला भिणारे. दरवर्षी पूर ओसरला की ते गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं पाण्याची रेघ ओढायचे. गोठ्याची ती भिंत अशा रेघांनी भरून गेली होती. त्यांनी अट घातली होती.

"खण तळं. पन भादव्याचा पूर गेल्यावर मासं तळ्यात दिसलं पायजेत. न्हाई दिसलं, तर तळं बुजवायचं, अन् संभाजीनगरच्या पाव्हण्यांना व्हय म्हनायचं. परत तोंड वाकडं करायचं न्हाई."

शिवकन्यानं अट मान्य केली होती. संभाजीनगरचा पाहुणा वाईट नव्हता हो. पण तो बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला होता, "मला माशांचा वास सहन होत नाही." झालं! तिथंच तिचं मन उठलं.

तर उन्हात उभ्या त्या जेसीबीकडं आणि गोवऱ्यांत बसलेल्या त्या माणसाकडं बघून शिवकन्यानं विचारलं, "तळं खनता का ओ तुमी?"

"आमच्याकडं तळी सोडून दुसरं काय खनत्यात?" तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून... "पन त्या सरपंचाला आवरा."

*

खणायला लागल्यावर दोघांचं पहिलं भांडण झालं. ते ज्यावरून झालं ते ऐकलं तर नदीकाठचा माणूस एका बाजूला हसेल आणि केजकडचा दुसऱ्या.

"चारी बाजूंनी बांध?" उत्तरेश्वर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा. "मग पानी आत कुठनं यायचं? तळ्याला तोंड नगं?"

"तोंड कावून पायजे? इथं पानी बोलवावं लागत न्हाई. न बोलवता येतंय. त्याला भाईर कसं ठिवायचं ते बगा!"

"पानी भाईर ठिवायचं..." त्यानं कपाळाला हात लावला. "माझ्या आईनं ऐकलं तर मला जेवाया घालायची न्हाई."

"मग इथं जेवा."

हे ती बोलून गेली खरी, पण मग तिचंच तिला कसंतरी झालं आणि ती उगाच शेळीला हाकलायला गेली. शेळी बिचारी बांधलेलीच होती.

तो मात्र जेवला. भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांदा फोडून. भिवराबाईनं वाढताना गाव, घर, आई, शेत सगळं विचारून घेतलं. घरात तो आणि त्याची आई छबुबाई, दोघंच. आई तोंडानं फटकळ, पण मनात काही नाही.

तळं झालं. बांध कमरेएवढा, गोठ्यावरच्या सगळ्यात वरच्या रेघेला भिडेल असा. आषाढात पाणी भरलं, मत्स्यबीज सोडलं, सरपंचही हौदातून थाटात तळ्यात गेले. आता खणणाऱ्याचं काम संपलं म्हणायचं की नाही? पण उत्तरेश्वरला दर रविवारी पाणी किती चढलं ते बघायचं असायचं. कधी भुईमुगाची पेंड आणायचा, कधी बांधावर लावायला हराळी. बांधावर बसायचा आणि शिवकन्या पेंडीचे गोळे टाकायची.

"मासं वाढल्यात," तो म्हणायचा.

"तुमी माशांकडं बगताच कुठं?"

"बगतो की. पान्यात बगतो. पान्यात जे दिसंल ते बगतो."

पाण्यात तर तिचंच तोंड दिसत होतं. तिनं पेंडीचा गोळा मुद्दाम तिथंच टाकला. पण पाणी हललं म्हणून हसू थोडंच पुसलं जातं?

"तळं खनून झालं," आबा ओसरीवरून पुटपुटायचे, "ह्याचं येनं काय बुजत न्हाई." पण त्यांनीच चहाला हाक मारायची सवय लावली होती.

*

भादव्यात तो महालक्ष्म्यांच्या सणाला केजला गेला. मागोमाग पैठणच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली. ग्रामपंचायतीचा भोंगा सकाळपासून ओरडत होता, सांजच्याला पाणी गावात येईल, सामान घेऊन शाळेत चला. शिवकन्या गाठोडी बांधत होती तेवढ्यात फोन वाजला.

"शिवकन्या... एक सांगायचं ऱ्हायलं."

तिनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"तळ्याला मी एक तोंड ठिवलंय. पाइप घातलाय, नदीच्या बाजूनं, हराळीच्या खाली. तुमी नगं म्हनला होता, पन... आमच्याकडं तोंडाबिगर तळं कुनी खनत न्हाई ओ. हातच वळंना माझा."

त्यावर ती जे बोलली, ते इथं सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्यात त्याच्या अकलेचा, जेसीबीचा आणि केज तालुक्याचा उद्धार होता.

"संभाजीनगरला जाते मी आता!" शेवटी तिचा आवाज फुटला. "त्या पाइपातनं मासं जातील अन् मी पन जाईन. बसा मग रविवारी पानी मोजत!"

फोन बंद झाला.

दुपार कलायच्या आत त्याची मोटरसायकल दारात. अंगभर चिखल, मागं भलंमोठं गाठोडं. तसाच तो कुदळ घेऊन हराळीत घुसला. पाइप उपसला, खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून तोंड बुजवलं. आबा बघत होते. मग तेही पहार घेऊन आले.

"बांधावरनं पानी गेलं तर?" आबांनी विचारलं.

उत्तरेश्वरनं गाठोडं सोडलं. आत साड्याच साड्या. "आमच्याकडं रानडुकरं येऊ नयेत म्हनून पिकाला साड्या बांधत्यात. पानी जाऊ द्या वरनं, मासं अडत्याल."

बांधावर चारी बाजूंनी बांबू रोवले आणि साड्या ताणायला सुरुवात झाली. विटक्या, फाटक्या, ठिगळाच्या, छबुबाईच्या उभ्या जन्माच्या साड्या. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. गाठी मारताना हात हाताला लागत होते, पण ती रागात होती, त्यामुळं लागले नाहीत असं तिनं धरून चालायचं ठरवलं होतं. शेवटच्या कोपऱ्याला कापड कमी पडलं. गाठोड्याच्या तळाशी एक साडी उरली होती. मोरपंखी, जरीच्या काठाची, घडी न मोडलेली, डांबरगोळीचा वास येणारी.

"ही तर नवी दिसती," शिवकन्या म्हणाली.

तो क्षणभर थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं.

"बांधा," तो म्हणाला. "पानी आलं बगा."

*

शाळेत सगळं गाव. रस्ता बंद, म्हणून तोही तिथंच अडकलेला. खिचडीच्या पातेल्याशी तो वाढायला उभा राहिला आणि तिच्या ताटात दरवेळी एक पळी जास्त पडायची. ती बोलत नव्हती. पण त्याचा ओला शर्ट बघून तिनं आबांचा सदरा पुढं सरकवला, तोंड तिकडं करूनच.

पाणी ओसरल्यावर सगळे घरी आले. गाळ गुडघ्याएवढा. आबांनी आधी गोठ्याच्या भिंतीवरची ओल वीत लावून बघितली. पाणी बांधाच्याही वर, वीतभर चढून गेलं होतं.

तळ्याभोवती साड्या होत्या. काही फाटल्या होत्या, काही गाळानं जड होऊन लोंबत होत्या, पण उभ्या होत्या. पाणी मात्र गढूळ, चहासारखं. आत काय आहे, काय नाही, काही कळत नव्हतं.

शिवकन्यानं पेंडीचा गोळा टाकला. तो बुडाला. काहीच नाही. दुसरा टाकला. तरी काही नाही. भिवराबाईनं पदर तोंडाला लावला. आबा शेजारी उकिडवे बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, अट घालणाऱ्या त्या माणसानंच पोरीच्या हातातली पेंड घेतली. तिसरा गोळा त्यांनी स्वतः टाकला.

चुबुक.

एक तोंड वर आलं. मग तुटकी शेपटी फडकली. "सरपंच!" शिवकन्या किंचाळली. आणि मग पाणी सगळीकडं उकळल्यासारखं हलायला लागलं. चुबुक, चुबुक, चुबुक. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच माहीत.

"कळवा मंग पाव्हण्यांना," आबा उठत म्हणाले, "आमच्याकडं लई वास येतोय मासळीचा."

आणि नेमका तेव्हाच उत्तरेश्वरचा फोन वाजला. हात चिखलाचे, म्हणून त्यानं कोपरानं दाबला, तो स्पीकरवर लागला आणि आवाज सगळ्या परसात घुमला.

"उत्तऱ्या! पेटीतली मोरपंखी साडी कुठं हाय?"

"हाय आई... बांधलीय."

"कुनाला बांधलीय?"

"तळ्याला."

पलीकडनं आवाज आला, आणि कसा! "मुडद्या! सुनंला साखरपुड्यात नेसवायची म्हनून ठिवली होती मी ती! कुनाचं तळं हाय ते?"

त्यानं शिवकन्याकडं बघितलं. भिवराबाईला अचानक घरात काम आठवलं. आबा मात्र हलले नाहीत.

"शिवकन्याचं," तो म्हणाला.

मग छबुबाईचा आवाज, एकदम निराळा, "...जिच्या तळ्याचं पानी तू दर रव्वारी मोजतो, ती?"

"ती."

"मंग आदी सांगाया काय झालं होतं? रस्ता सुटला की येते मी. साडीला हात लावू नगा." आणि फोन बंद.

शिवकन्या साडीपाशी गेली. जरीचा काठ गाळानं माखला होता. "चुकून आनली का मुद्दाम?" तिनं विचारलं, त्याच्याकडं न बघता.

"आनली चुकून. घाईत पेटीतनं ओढली." तो जवळ आला. "पन बांधताना कळलं होतं. हातात आल्या आल्या कळलं. मंग वाटलं... जिच्यासाठी ठिवलीय तिच्याच कामाला येतीय. तर कावून थांबायचं?" एवढं बोलून त्याचा श्वासच संपला. "शिवकन्या, तू... तू व्हय म्हनशील का?"

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. तिनं ते मनातल्या मनात परत एकदा ऐकलं.

"मी तळं सोडून केजला यायची न्हाई," ती म्हणाली.

"इथं जवळच, गेवराईत खोली घेतलीय मी."

"कवा?"

"तळं झालं तवाच."

"अन् परत कुठं चोरून तोंड ठिवलं तर?"

"तर सरपंचाच्या तोंडात बोट दीन."

व्हय म्हणाली ती.

*

छबुबाई आल्या तशा त्यांनी आधी साडी धुतली, मग सून बघितली. गाळ निघाला, पण एक तपकिरी रेघ काही केल्या जाईना. "साखरपुड्याला दुसरी घेऊ," त्या हळहळल्या. शिवकन्या ऐकेना. हीच नेसणार.

दसरा झाल्यावर परसातच साखरपुडा झाला. ती मोरपंखी साडी नेसून तळ्याकाठी पाटावर बसली, तेव्हा बायका कुजबुजल्या, अगं, नवी साडी अन् डाग बघ की! कुणीतरी आबांना म्हणालं, औंदा पुराची रेघ ओढायची ऱ्हायली का हो गोठ्यावर? भिंत तशीच दिसतीय.

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि पोरीकडं बोट दाखवलं.

"औंदाची रेघ तिथं हाय," ते म्हणाले. "तिच्या साडीवर."