आबांचे नऊ सेकंद

सोमवारी संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "आबा, भाकरी वाढू?"

आबांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आईने जराशी वाट पाहिली आणि अर्धी भाकरी त्यांच्या ताटात वाढून टाकली. मग म्हणाली, "बुधवारी यशूच्या शाळेत इमारतीची सभा आहे. तुम्ही यायचं ठरवलंय ना?"

तेवढ्यात आबांच्या सदऱ्याला लावलेल्या छोट्या स्पीकरमधून खणखणीत उत्तर आलं, "नको, नको. पोट भरलं."

आई गोंधळली. "म्हणजे सभेला येणार नाही?"

आबांनी घाईघाईने मान हलवली आणि ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवलं. यशूला आधी हसूच फुटलं. पण मंगळवारच्या सकाळपर्यंत तिचं हसू मावळलं होतं. आबांचं प्रत्येक उत्तर उशिरा येत होतं. इतकं उशिरा, की तोवर प्रश्नच बदललेला असायचा.

यशोधरा खरात बारा वर्षांची होती आणि आई-आबांसोबत धारणगावात राहायची. साल होतं २०४६. तिचे आजोबा, म्हणजेच आबा, डॉ. मिलिंद खरात, मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे वैज्ञानिक) होते. चार वर्षांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते गळ्याला एक मऊ पट्टी बांधायचे. आबा आवाज न काढता शब्द उच्चारायचे, तसे गळ्याचे स्नायू हलायचे. पट्टी ते हलणं टिपून वहीएवढ्या संगणकाकडे पाठवायची. संगणक त्यावरून शब्द ओळखायचा आणि आबांच्या जुन्या भाषणांवरून शिकलेल्या, हुबेहूब त्यांच्याच आवाजात बोलायचा. या सगळ्याला अर्धा सेकंद लागायचा. अर्धा सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता घड्याळ लावून पाहिलं, तर नऊ सेकंद लागत होते.

यशूने कंपनीला फोन लावला. संगणकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव होतं 'नभांगण'. पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला. "आपला संगणक सहा वर्षांचा आहे. नवा संगणक घेतल्यास आपला अनुभव अधिक सुखद होईल."

"माझे आबा सत्तर वर्षांचे आहेत," यशू म्हणाली. "ते पण बदलून आणू का?"

"आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा सांगा."

यशूने फोन आपटलाच.

बुधवारी सभेला आबा गेलेच. शाळेची नवी दुमजली इमारत मागच्या मैदानात उभी राहणार होती आणि आबांना एकच गोष्ट सांगायची होती. त्या मैदानाची माती काळी आणि चिकण आहे. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पाया घातला, तर दोन-चार वर्षांत वर्गांच्या भिंती तडकतील. आधी माती तपासा, मग पाया ठरवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

इमारत समितीचे अध्यक्ष गव्हाणे घाईत होते. आबांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "बोला खरात सर."

आबा बोलू लागले. ओठ हलत होते आणि सभागृह शांत होतं. पाच सेकंद गेले, सहा गेले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"बरं," गव्हाणे म्हणाले, "सरांना काही सांगायचं नाही असं दिसतंय. पुढचे कोण?"

पुढचे पालक उभे राहून बसथांब्याबद्दल बोलू लागले आणि त्यांच्या दुसऱ्याच वाक्यात आबांचा आवाज घुसला, "माती फुगते, हे आधी लक्षात घ्या!" सगळीकडे हशा पिकला. आबा थांबले, तरी स्पीकर थांबेना. आधी उच्चारलेली वाक्यं एकेक करून बाहेर पडत राहिली आणि प्रत्येक वाक्याला लोक नव्याने हसले. शेवटी आबांनी स्वतःच्या हाताने स्पीकर बंद केला, पट्टी सोडली आणि खिशात घातली.

यशूचे कान तापले होते. ज्या माणसाने या तालुक्यातल्या शेताशेतांतली माती हातात घेऊन पाहिली, त्याला हे लोक हसत होते! पट्टी बरोबर होती, आबा बरोबर होते, मग मधे माशी शिंकली कुठे?

घरी आल्यावर आबांनी पट्टी बांधलीच नाही. ते खिडकीशी बसून राहिले. यशूने तो संगणक उचलला. "फेकूनच देते हा डबा!"

आबांनी तिचा हात धरला, वही ओढली आणि लिहिलं, 'फेकू नकोस. आत बघ. रविवारी काय बदललं?'

यशूचा चेहरा उतरला. रविवारी दुपारी ती त्याच संगणकावर भूमितीची आकृती काढत असताना एक चौकट सारखी समोर येत होती. 'नवे मोठे अपडेट (सिस्टिमची सुधारित आवृत्ती) तयार आहे. आत्ताच करा, की तासाभराने आठवण करून देऊ?' 'नको' असं बटणच नव्हतं. चौथ्यांदा चौकट आली तेव्हा वैतागून तिने 'आत्ताच करा' दाबलं होतं.

"मीच दाबलं, आबा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे झालं सगळं."

आबांनी लिहिलं, 'दाबलंस ते ठीकच केलंस. त्या बटणामागे काय काय होतं, ते तुला सांगितलं नाही, ही चूक त्यांची. चल, शोधू.'

मग आबा लिहू लागले, यशू वाचू लागली आणि वहीची पानं भरू लागली.

'ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्राम. संगणकात कामं पुष्कळ आणि करणारा प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) एक. सिस्टिम सेकंदाचे बारीक बारीक तुकडे पाडते आणि प्रत्येक कामाला पाळीने एकेक तुकडा देते. तुकडे इतके बारीक, की आपल्याला वाटतं सगळं एकाच वेळी चाललंय.'

"आणि कामं वाढली तर?"

'पाळी उशिरा येते. पण त्याहून वाईट गोष्ट मेमरीची (चालू कामाचं सामान ठेवायची तात्पुरती जागा). आपल्या स्वयंपाकघरातला ओटा आठव. पोळ्या करताना पिठाचा डबा ओट्यावर हवा. समज, कुणी ओट्यावर नवी नवी भांडी मांडली आणि डबा माळ्यावर ठेवावा लागला. मग प्रत्येक मूठभर पिठासाठी शिडी चढायची. संगणकाची मेमरी भरली, की सिस्टिम काही सामान साठवणीत (जिथे फायली कायमच्या राहतात तिथे) नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. साठवण मेमरीपेक्षा खूप हळू. तिथेच वेळ जातो.'

यशूच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे तुमच्या पट्टीचा प्रोग्राम माळ्यावर जाऊन बसलाय!"

आबांनी बोटाने टेबलावर टकटक केली. ही त्यांची शाबासकी.

"मग ओट्यावर बसलंय कोण?"

संगणकात एक यादी असते. कोणतं काम चालू आहे, ते किती मेमरी खातंय, प्रोसेसरचा किती वेळ घेतंय, हे सगळं त्यात दिसतं. यशूने ती यादी उघडली आणि बघतच राहिली. तिने एकही प्रोग्राम सुरू केला नव्हता, तरी यादी संपतच नव्हती. सगळ्यांत वर होता 'सोबती', पडद्यावर काय चाललंय ते सतत बघून तुम्हाला पुढे काय लागेल याचा अंदाज बांधणारा. मग घरातल्या फोटोंमधले चेहरे ओळखून गठ्ठे लावणारा एक. पडद्यामागे हलते ढग दाखवणारा एक. आणि फायलींची नवी अनुक्रमणिका (काय कुठे आहे याची यादी) बनवणारा एक.

"सोबती?" यशू ओरडली. "कुणी बोलावलं याला? आबांचा आवाज बाजूला सारून हा बघत बसलाय मी चौकोन कसा काढते ते?"

तिला सगळंच एका दमात बंद करून टाकायचं होतं. आबांनी बोट वर केलं आणि लिहिलं, 'एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर मोज. नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.'

अनुक्रमणिकेला आबांनी हात लावू दिला नाही. मोठ्या अपडेटनंतर ती एकदा नव्याने बनवावी लागते, काम संपलं की थांबते. म्हणून संगणक तसाच चालू ठेवला. गुरुवारी सकाळी ते काम संपलेलं होतं. आबांनी पट्टी बांधली, यशूने घड्याळ धरलं. साडेसहा सेकंद. सोबती बंद केला, अडीच सेकंद. फोटोंचे गठ्ठे बंद केले, पावणेदोन सेकंद. ढग बंद केले, सव्वा सेकंद.

सव्वा सेकंदाच्या खाली मात्र आकडा हलेना. यशूने पुन्हा यादी पाहिली. पट्टीकडून येणारी खूण खरंच आबांच्याच पट्टीची आहे ना, हे दर वेळी तपासणारं एक नवं कुलूप अपडेटने बसवलं होतं. पाऊण सेकंद तिथे जात होता.

"हे पण काढते."

"नाही," आबांचा आवाज आला. सोमवारनंतर पहिल्यांदाच तो वेळेवर आल्यासारखा वाटला. "कुलूप राहू दे."

"का पण? तेही त्यांनी न विचारताच घातलंय!"

"यशू, माझा आवाज या डब्यात आहे. उद्या कुणी चोरवाटेने आत शिरला, तर तो माझ्या आवाजात बँकेला फोन करील. तुझ्या आईला फोन करून काहीही सांगेल. जुन्या सिस्टिममध्ये तशा फटी होत्या, म्हणून अपडेट नाकारून चालत नाही. पाऊण सेकंदाच्या बदल्यात माझा आवाज माझाच राहतो. हा सौदा मला पटतो."

"आणि सोबतीचा?"

"त्याच्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही." आबांचा चेहरा यशूने इतका कठोर कधी पाहिला नव्हता. "मी शेतांत ओल मोजणारी यंत्रं पुरायचो. तुझ्या या संगणकाच्या लाखाव्या हिश्शाएवढी मेमरी असायची. त्यात एक अक्षर वाढवायचं तर आम्ही तासभर वाद घालायचो. का? तर शेतकऱ्याचं यंत्र शेतकऱ्याच्या कामासाठी आहे. आता यांना वाटतं, लोकांच्या घरातली मेमरी म्हणजे पडीक जमीन आहे. वाटेल तेवढी व्यापावी."

त्याच दुपारी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर सोबती आपोआप परत आला होता! यशूने टेबलावर मूठ मारली. तासभर शोधल्यावर सेटिंगच्या सातव्या पायरीवर त्याला कायमचा बंद करायचं बटण सापडलं. फिक्या राखाडी रंगाचं, कुणाला दिसू नये असं.

शुक्रवारी तिने अर्ज लिहिला. 'दुष्ट कंपनी' असं पहिलंच वाक्य आबांनी खोडायला लावलं. त्या जागी तिने तक्ता काढला. काय बंद केलं आणि किती सेकंद वाचले, हे एकेका ओळीत मांडलं. खाली लिहिलं, 'या अपडेटमध्ये सुरक्षेच्या एकेचाळीस दुरुस्त्या आहेत. त्या आम्हाला हव्यात. सतरा नव्या सोयी आहेत. त्या हव्यात की नकोत, हे आम्ही ठरवणार. दोन्हींना एकच बटण देणं म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर सोफा घ्यायला लावणं. तुमच्या सोयींमुळे एका माणसाला भर सभेत गप्प बसावं लागलं.' आईने सही केली. अर्ज कंपनीला गेला, ग्राहक मंचालाही गेला.

मग ती गव्हाणेंकडे गेली. ते शाळेच्या ऑफिसात नकाशे बघत होते.

"काका, बुधवारी आबांचं बोलणं झालंच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही नऊ सेकंदसुद्धा थांबला नाहीत. आता सव्वाच सेकंद लागतो. आणि तुम्ही लोक ज्या बोलण्याला हसलात ना, ते पायाबद्दल होतं. पाया चुकला तर भिंत आमच्या अंगावर पडेल, तुमच्या नाही."

गव्हाणेंनी चष्मा काढला. मग म्हणाले, "उद्या पुन्हा सभा घेतो. सरांना सांग, पहिली पाळी त्यांची."

शनिवारी आबा उभे राहिले. ओठ हलले. सभागृहात क्षणभर सामसूम, आणि मग आबांचा भरदार आवाज घुमला. तीन मिनिटं कुणी हललं नाही. सभेने पाया खणण्याआधी मैदानात तीन ठिकाणी खोल खड्डे घेऊन माती तपासायचं ठरवलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला. माती आबा म्हणाले होते त्याहूनही जास्त फुगणारी निघाली आणि पायाचा नकाशा बदलावा लागला.

ग्राहक मंचाने यशूचा तक्ता सगळ्यांना पाहता येईल असा लावला, तेव्हा ठिकठिकाणचे लोक आपापले आकडे पाठवू लागले. लातूरच्या एका अंध विद्यार्थ्याला पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम अडखळत होता. एका दवाखान्यात केसपेपर निघायला चार मिनिटं लागत होती. दीड महिन्यात दोनशे तेरा तक्ते जमले, आणि कंपनीचं पत्र आलं. 'आनंदाची बातमी! पुढील आवृत्तीपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या सोयी यांसाठी स्वतंत्र बटणे असतील.'

"आनंदाची बातमी म्हणे!" यशू फणकारली. "जणू बक्षीसच देतायत. ते आमचं होतंच."

पत्रासोबत एक विनंतीही होती. नवी आवृत्ती सगळीकडे पाठवण्याआधी काही जुन्या संगणकांवर तपासायची होती आणि त्या कामासाठी धारणगावच्या शाळेने मुलांचा गट नेमावा, असं कंपनीने सुचवलं होतं. यशूने वहीचं कोरं पान काढलं आणि शाळेतल्या संगणकांची यादी करायला घेतली. सगळ्यांत जुना अकरा वर्षांचा होता. त्याचं नाव तिने पहिलं लिहिलं.

लिहिता लिहिता तिने मान वर केली. "आबा, आता राग सोडून देऊ का?"

आबांचे ओठ हलले. यशूने पेन खाली ठेवलं आणि थांबली.

"एवढ्यात नको," आबा म्हणाले. "आधी मोजून बघ."