न घातलेला आकडा

माझं कागदांशी जमतं, माणसांशी कमी. म्हणून वलगावच्या श्रावण वकिलांची रोजनिशी तपासायचं काम आलं, तेव्हा बरं वाटलं. अकोल्याचं एक संग्रहालय ती घेणार होतं. ती खरी आहे, एवढं मी लिहून द्यायचं. वकील जाऊन चाळीस वर्षं झाली होती. त्यांची सुटी पानं नात ललिताबाई सांभाळायच्या. दर उन्हाळ्यात सावलीत पसरायच्या, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बस्त्यात बांधायच्या.

"बापानं मरताना हेच हाती देलं," त्या म्हणाल्या. "माह्यामागं कोनी नाही. संग्रहालयात गेलं म्हंजे मी सुटली."

सोमवारी मी पानापानावर पेन्सिलनं आकडा घातला. तीनशे बारा पानं झाली. संध्याकाळी घरी परतले. मंगळवारी दुपारी एक पान जास्तीचं निघालं, आकडा नसलेलं. अक्षर वकिलांचंच. शाई बोटाला लागली. तारीख बुधवारची, म्हणजे उद्याची. मजकूर एवढाच: 'कागद तपासणारी बाई आज आली नाही.'

चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून मी ललिताबाईंचा चेहरा न्याहाळला. तो शांत होता.

"हे तुम्ही लिहिलंत. मला सगळंच खोटं म्हणून कळवावं लागेल."

"मी काहून लिहू मॅडम? आजोबाच लिहितात... अधूनमधून." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याईचं लिहिलेलं चुकत नाही. आज रस्त्यानं जाऊ नका तुमी..."

मला राग आला. बाई मला अडकवून सही घेणार, असं वाटलं. पण भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. नवऱ्याला फोन केला. "थांब तिथंच, सकाळी घ्यायला येतो," गजेंद्र म्हणाला.

बुधवारी ललिताबाईंच्याच घरी जाग आली तेव्हा मी धडधाकट होते. मला हसूच आलं. मी गेलेच नव्हते, तर येणार कुठून? वकिलांचं खरं झालं आणि माझंही काही बिघडलं नाही.

ललिताबाई चहा घेऊन समोर बसल्या. मी बस्ता सोडला. वर आणखी एक पान होतं, बुधवारचंच.

'बाईचा नवरा आला. ललितानं सांगितलं, बाई सोमवारपासून आल्याच नाहीत.'

फाटकाशी मोटारसायकल थांबली. गजेंद्रनं माझं नाव घेऊन विचारलं.

"नाही जी," फाटकातून ललिताबाईंचा आवाज आला, "सोमवारपासून आल्याच नाहीत त्या."

माझ्यासमोर बसलेल्या ललिताबाई बशीत चहा ओतत होत्या.