उजव्या हाताची नखं

मोखाड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी सगळ्यांत बारीक पॉलिशपेपर मागितला, तेव्हा काउंटरमागच्या मुलाने विचारलं, "लाकडाला की लोखंडाला?"

"नखाला."

त्याने माझे हात पाहिले. उजव्याची नखं वाढलेली, डाव्याची पार कापलेली. "एकाच हाताचा नट्टापट्टा?"

"गिटार वाजवते, क्लासिकल. त्यात तार नखाने छेडतात. नख खडबडीत असलं की सूर खरखरतो."

त्याने हजार नंबरचा कागद काढला, आधी स्वतःच्या अंगठ्यावर घासून पाहिला आणि मग मला दिला. तिथेच मी अर्धी विरघळले म्हणा ना.

मुलाचं नाव रोहिदास. मूळ जव्हारचा, इथे मामाचं दुकान सांभाळायचा. एक कागद मला महिनाभर पुरतो, पण मी दर शनिवारी न्यायला लागले.

"कागद खाता की काय?" चौथ्या शनिवारी त्याने विचारलं.

"तुम्ही विकायला बसलात की चौकशीला?"

"चौकशीलाच... कधी ऐकवताय?"

जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या पठारावर ऐकवलं. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, आणि तो बोटांकडे कमी, माझ्याकडेच जास्त बघत होता. एका तारेवर तीन बोटं इतकी भरभर पडायला हवीत की सूर सलग वाटावा. वाजवून झाल्यावर मी कौतुकाची वाट बघत बसले.

"एक बोट लंगडतंय," तो म्हणाला.

राग आला. पण खरं होतं, अनामिकाच मागे पडायची.

"घाई करतेस. सावकाश वाजव, मग आपोआप जमेल." तो 'तू' म्हणाला हे दोघांच्याही लक्षात आलं.

मग रोज सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी घड्याळाच्या टिकटिकीवर एकेक बोट सावकाश टाकत गेले. सूर सलग यायला लागला. नाशिकला क्लासची परीक्षा रविवारी होती. गेल्या वर्षी आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, अनामिकेचं नख मोडलं आणि मी नापास झाले. या वेळीही तसंच झालं तर गिटार विकायची, असं ठरवलं होतं.

आणि गुरुवारी काशीमावशीच्या शेतावर सावड आली. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यात घरटी एक माणूस जातं. आपण गेलो नाही तर आपल्या शेतावर कोणी येत नाही. आईची कंबर धरलेली. मीच गेले, आणि नखं वाचवायला डाव्या हाताने रोपं खोवू लागले. दोन्ही बाजूंच्या बायका पुढे निघून गेल्या.

"हर्षाली, लिहिताना तरी उजवा वापरतेस ना?" काशीमावशी ओरडली. बायका हसल्या.

तेवढ्यात बांधावर रोहिदास दिसला. फोनवर त्याला सावडीचं बोलले होते, पण येईल असं वाटलं नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरला आणि माझ्या हातातली रोपं घेतली. "तू बांधावर बस."

"ए पोरा, सावडीत परका नाय चालत," काशीमावशी म्हणाली. "कोनाच्या घरचा तू?"

"ते हिला विचारा."

सगळ्यांचे हात थांबले. माझी जीभ मात्र अडली नाही.

"आमच्या घरचा."

काशीमावशीने त्याची पहिली वाकडी ओळ पाहिली, कपाळाला हात लावला, आणि त्याला राहू दिलं.

संध्याकाळी ओटीवर त्याने हात पुढे केला. त्याचं एक नख मुळाशी तुटलं होतं. मी पॉलिशपेपर काढला आणि हलक्या हाताने घासायला बसले.

"खरंच घरचा?" त्याने हळूच विचारलं.

"रविवारी सांगते."

रविवारी अनामिका एकदाही लंगडली नाही. क्लासच्या सरांनी निकाल तिथेच सांगितला. मी बाहेर येऊन फोन लावला.

"पास झाले."

"आणि दुसरं?"

"सावडीत खोटं बोलायची आमच्यात पद्धत नाही," मी म्हणाले.