पळसाच्या पानांचा मच्छिंद्र

भंवरलाल शेठजींचा धाकटा मुलगा मुंबईला शिकायला गेला, इथवर जालन्याच्या बाजारात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. वकील होईल, नाहीतर सरकीच्या दलालीतली इंग्रजी पत्रं तरी वाचील, असा लोकांचा अंदाज. पण जुगलकिशोर सुटीत घरी आला आणि म्हणाला, माणूस मेल्यावर मागं राहिलेल्यांचं काय होतं त्याचा मी अभ्यास करतोय, तेव्हा शेठजींच्या हातातला अडकित्ता तसाच थांबला.

“त्यात शिकायचं काय रे? रडतात, तेरावं करतात, दुकान उघडतात.”

त्याची आई, प्रेमबाई, विचारणाऱ्यांना ‘समाजसेवा शिकतोय’ एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. जुगल मात्र हटणारा नव्हता. विद्यालयात त्याला शिकवलं होतं की दुःख हे एक काम आहे, ते करावंच लागतं, आणि जो करत नाही त्याच्या आत ते नासतं. हे त्याला इतकं पटलं होतं की सांत्वनाला गेला तरी तो शोकात बसलेल्यांकडे वैद्यानं नाडी पाहावी तसं पाहायचा. मन वाईट नव्हतं हो पोराचं. फक्त आपल्याला कळतं, याची त्याला जरा जास्तच खात्री होती.

हैद्राबादचं राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षीच्या भादव्यात पूर्णेला मोठा पूर आला होता. केदारखेड्याचे काकासाहेब हे शेठजींचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा एकुलता एक मुलगा मच्छिंद्र, पाण्यात अडकलेलं वासरू सोडवायला उतरला आणि परत आला नाही. देहही सापडला नाही. फाल्गुनात काकासाहेब ज्वारी घेऊन दुकानावर आले, तेव्हा अंगातला सदरा लोंबत होता.

“पोरगं तर गेलं शेठजी,” ते म्हणाले, “पण आता मंडळी पण चालली. खात न्हाई, रडत न्हाई. दोन्ही वखत त्याचं ताट वाढती अन् बसून राह्यती. म्हणती, देह दाखवा, मंग रडते. आता कुठून दाखवू?”

जुगल आतल्या बाजूला बसला होता. तो उठून बाहेर आला. “काकासाहेब, मी येऊ का तुमच्याकडं?” त्यानं विचारलं.

झालं. होळीच्या आधी तो केदारखेड्याला जाऊन राहिला.

घर नदीपासून दूर नव्हतं. समोर मोकळी जागा, तिथं लिंबाचं झाड आणि त्याला दगडी पार. नदी एव्हाना वाळू झाली होती. मधल्या डोहात म्हशी बसतील एवढं पाणी, बाकी सगळं पांढरं आणि तापलेलं. गोजरबाई, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळी, दिवसभर दाराकडं तोंड करून बसायच्या. हाताची हाडं वर आली होती. जुगल त्यांना मावशी म्हणू लागला आणि रोज दुपारी त्यांच्याजवळ बसू लागला. गप्प बसायचं, विचारायचं, ऐकायचं, हे त्याला चांगलं जमत असे. हळूहळू मावशी मच्छिंद्राबद्दल बोलायला लागल्या. तो लहानपणी माती खायचा ते सांगितलं, त्याला बैलांची भीती वाटायची ते सांगितलं. पण गाडी शेवटी एका जागी अडायची.

“देह पाह्यल्याबिगर कसं म्हणू बाबा, गेला म्हणून?”

यावर जुगलला उपाय सुचला, आणि तो शास्त्रातच होता. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, अंगावर कपडे घालतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. समोर काहीतरी हवं, एवढंच तर मावशी मागत होत्या. तो भोकरदनला बद्रीनाथ गुरुजींकडे गेला.

गुरुजी म्हणाले, “बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. मगच पुतळा.”

“बारा वर्षांत ती बाई राहील का, गुरुजी?”

“बुडताना कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर गोष्ट वेगळी.”

पाहणारा एकच होता, काकासाहेबांचा सालगडी पुंजाराम. त्याला जुगलनं गोठ्यात गाठलं.

“पाण्यात उतरताना पाह्यला,” पुंजाराम म्हणाला. “बुडताना... आता कसं सांगू. लाट आली अन् मंग दिसला न्हाई.”

“म्हणजे बुडालाच ना?”

“तसंच असंल.”

“तसंच असंल नको. गुरुजी विचारतील. मावशींच्या जिवाचा प्रश्न आहे, पुंजाराम. पाहिलं ना तू?”

पुंजारामनं बराच वेळ वैरण सारखी केली. “पाह्यलं,” तो म्हणाला.

पुतळा घरासमोरच बांधला. मच्छिंद्राचं धोतर आणि बंडी घातली, नारळाला पटका बांधला. जुगलनं मावशींना हाताला धरून बाहेर आणलं आणि कानाशी सांगितलं, की आता याच्याशी बोला, जा म्हणा, मोकळं करा. त्या पुतळ्याजवळ गेल्या. मग बसल्या, पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाळा, तू गेलास. तुझं हितं काही राह्यलं न्हाई. जा आता.” आणि त्यांनी असा टाहो फोडला की बायकांनी कानांवर पदर घेतले. जुगलचे डोळे भरून आले. आनंदानंच, म्हटलं तरी चालेल.

पुतळा नदीकाठी अग्नी द्यायला नेताना वाटेत एक गोष्ट झाली. पानांचा पुतळा तो, एकट्या माणसानं काखेत मारून न्यावा असा. पण नदीच्या उतारावर खांदेकऱ्यांनी खांदा बदलला. थोडं पुढं जाऊन पुन्हा बदलला. पुंजारामच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती. काकासाहेबांनी अग्नी दिला, जमलेल्या प्रत्येकानं, बायांनीसुद्धा, गोवरीचा तुकडा टाकला; मावशी तेवढ्या घरीच होत्या. जुगल बाजूला उभा राहून पाहत होता, त्यानं टाकला नाही. परतताना मागं वळून पाहायचं नाही आणि आजपासून गेलेल्याला नावानं हाक मारायची नाही, असं गुरुजींनी बजावलं.

त्या दिवसापासून मावशी जेवायला लागल्या. ताट वाढणं बंद झालं. काकासाहेब जुगलच्या पाया पडायला निघाले, तेव्हा तो लाजून मागं सरला. आपला अभ्यास खरा ठरला, या समाधानात तो आणखी थोडे दिवस राहिला. ऐन चैत्र, ऊन तर नुसतं रणरणत होतं.

आधी त्याचं लक्ष घरच्या कुत्र्याकडं गेलं. दुपारी ते पारापाशी जायचं, शेपूट हलवायचं आणि रिकाम्या जागेसमोर लोळण घ्यायचं. मग एकदा तो स्वतः पारावर टेकायला गेला तर दगड ओला. कुणी पाणी सांडलं असेल, म्हणून त्यानं हात लावला. पाणी गार होतं आणि हाताला गाळाचा वास आला. उन्हात तो ओलावा संध्याकाळपर्यंत वाळला नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर एक तरुण बसलेला होता. धोतर, बंडी, केस कपाळाला चिकटलेले. घराच्या दाराकडं बघत होता. बायका पाण्याच्या घागरी घेऊन त्याच्या समोरून गेल्या, एकीनंही मान वळवली नाही. पुंजाराम तर त्याच्या शेजारी बसून विडी ओढून उठला.

“कोण रे तो?” जुगलनं विचारलं.

“कुठं?”

“पारावर.”

पुंजारामनं पाराकडं पाहिलं. “कुणी न्हाई की,” तो म्हणाला आणि घाईनं गोठ्यात गेला.

जुगलनं पुन्हा पाहिलं; तरुण तिथंच होता. पण भुताखेतांचा विचार त्याच्या मनात आला नाही. तो मनात आला असता तर बरं झालं असतं. त्याला एकच दिसलं, की पोरगा जिवंत आहे. पुरानं कुठंतरी लांब नेऊन टाकला असेल, डोक्याला मार लागला असेल, आणि आता वाट शोधत आलाय. आणि गाव? गावानं त्याला जाळलंय. जाळलेल्या माणसाला ओळख द्यायची नाही, असं सगळ्यांनी मुकाट ठरवलंय. असं घडतं, हे त्यानं वाचलं होतं. संतापानं त्याचे कान तापले.

तो पाराजवळ गेला. “तुम्ही मच्छिंद्र ना?”

तरुणानं मान वर केली. ओठ निळसर होते. “आसंन,” तो म्हणाला. “कुणी हाक मारत न्हाई. आय पण न्हाई.”

“चला माझ्याबरोबर आत.”

“तुम्ही न्हाई. घरच्यानं हाक मारायला पायजे. त्याबिगर उंबरा वलांडता येत न्हाई.” त्यानं अंग आखडून घेतलं. “लई गार लागून राह्यलं.”

वर लिंबाची पानं उन्हानं कोमेजली होती.

जुगल धावत काकासाहेबांकडं गेला, त्यांना हाताला धरून आणलं आणि पारासमोर उभं केलं. काकासाहेबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर सरळ नजर गेली आणि आरपार निघून गेली. ढोंग करणाऱ्या बापाचे डोळे असे नसतात, हे जुगलला त्याच क्षणी कळलं.

“छोटे शेठ,” ते हळूच म्हणाले, “ऊन लागलं तुम्हाला. आत चला.”

मग तो मावशींकडं गेला. त्या निवांत शेंगा फोडत बसल्या होत्या. गालांवर रंग आला होता.

“मावशी, समोर पारावर...”

“दिसतो मला,” त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. “पुतळा जाळला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येऊन बसतो.”

जुगल त्यांच्यासमोर बसला. “मग हाक का मारत नाही? एक हाक. तुमचा मुलगा आहे तो!”

“तुम्हीच म्हणलात बाबा, सोडून द्यायचं. लई जड गेलं, पण दिलं.” त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत वेडेपणा कुठंच नव्हता. “आता हाक मारली अन् उद्या पुन्हा गेला तर? दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं मला.”

त्यानं परोपरीनं समजावलं. माझं चुकलं म्हणाला, हात जोडले. शेवटी म्हणाला, “मी आत्ता भोकरदनला जातो, गुरुजींना विचारतो. काहीतरी रीत असेलच. तोवर त्याला काही बोलू नका.”

मावशी शेंगा फोडत राहिल्या.

रीत होती. बद्रीनाथ गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. जुगलकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण सांगितलं. अग्नी दिलेला माणूस परत आला तर त्याचा पुन्हा जन्म करायचा. तुपानं न्हाऊ घालायचं, आईनं मांडीवर घ्यायचं, बारसं करून नाव ठेवायचं. आईनं नाव उच्चारलं की तो घरचा झाला. एवढं सोपं होतं. जुगल त्या रात्री भोकरदनला धर्मशाळेत झोपला आणि पहाटेच्या बैलगाडीनं, तुपाचा डबा घेऊन, निघाला.

केदारखेड्याला पोचला तेव्हा उन्हं वर आली होती. पारावर कुणी नव्हतं. दगड कोरडा पडला होता.

नदीकडं माणसं जमली होती. तो तिकडं पळाला.

डोहापासून बऱ्याच अंतरावर, कोरड्या वाळूत, मच्छिंद्र पडला होता. आता तो सगळ्यांना दिसत होता. काकासाहेब त्याच्या पायाशी खाली बसले होते.

जुगलनं वाकून मनगट हातात घेतलं. अंग अजून ताठलं नव्हतं.

“पहाटेचाच गेलाय,” कुणीतरी म्हणालं.

पुंजारामनं त्याला कुशीवर वळवलं. तोंडातून पाणी आलं. तांबडं, गढूळ, पुराचं पाणी. त्यात हिरव्या गवताच्या काड्या होत्या. त्या दिवसांत सगळ्या शिवारात कुठंच हिरवं गवत नव्हतं.

वाळूनं ते पाणी पिऊन टाकलं. आणखी आलं. येतच राहिलं.

माणसं मागं सरली.

जुगल घराकडं कसा आला, त्याला आठवत नाही. तुपाचा डबा हातातच होता. गोजरबाई चुलीपुढं पीठ मळत होत्या.

“मावशी, मच्छिंद्र...”

“नाव नका घेऊ, बाबा.” त्यांनी शांतपणे परातीत पाणी शिंपडलं. “सांजच्याला गेले मी त्याच्यापाशी. बसले. तुम्ही शिकवलं तसंच बोलले. म्हणलं, बाळा, तू बुडलास. आलास त्या वाटेनं माघारी जा. लई रडला. बुडलो न्हाई गं आय, म्हणत होता, वासराला घेऊन वर आल्तो मी, म्हणत होता.”

जुगल दारातच उभा राहिला.

“पण गेला,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून कधी माझा शब्द मोडला न्हाई त्यानं.” त्यांनी पिठाचा गोळा हातावर घेतला आणि भाकरी थापायला सुरुवात केली. “असे उभे काहून? बसा. तुमच्या पुण्याईनं आता मला चांगली भूक लागती.”